गुणांची चाळणी आणि आमची मुले



मे-जून महिना आला की जयपूर जंक्शनजवळच्या आमच्या युनियन कार्यालयात येणारे कागद बदलतात. एरवी बदली, क्वार्टर, ओव्हरटाइम, चार्जशीट यांचे कागद असतात. या दिवसांत मात्र सभासद खिशातून मुलाची किंवा मुलीची गुणपत्रिका काढतात, टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "भाऊ, एवढ्या मार्कांत पोरीचं एम.एस्सी.चं काम होईल का?"

आम्ही स्वतः मॅट्रिक. एम.ए., एम.एस्सी.चे वर्ग आम्ही बाहेरूनच पाहिलेले. पण प्रश्न विचारणारा आपला सभासद आहे, त्याला "आम्हांला ठाऊक नाही" म्हणून परत पाठवणे आम्हांला जमले नाही. नियम वाचले, जाणकारांना विचारले, आणि इतरांच्या चुकांवरून शिकलो. त्यातून जे मत बनले ते आज मांडत आहोत.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. फुलेरा बाजूच्या एका ट्रॅकमेंटेनर बंधूची मुलगी. बी.एस्सी. झाली, केंद्रीय विद्यापीठांच्या एम.एस्सी. प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही परीक्षा दिली. मार्क चांगले पडले. वस्तीत पेढे वाटले गेले. मग घरचे सगळे वाट पाहत बसले, की आता विद्यापीठाचे पत्र येईल. पत्र आले नाही, कारण ते कधीच येणार नव्हते. या परीक्षेचे गुण मिळाले तरी ज्या ज्या विद्यापीठात प्रवेश हवा तिथे वेगळा अर्ज भरावा लागतो, फेरीच्या तारखा पाहाव्या लागतात, मुदतीत फी भरावी लागते. हे कोणी सांगितले नव्हते. आमच्याकडे कागद आला तेव्हा मुदत उलटून गेली होती. तिच्याहून कमी गुणांची मुले वर्गात बसली आणि तिचे वर्ष गेले.

त्या दिवसापासून हा प्रश्न आम्ही युनियनचा प्रश्न मानतो. आमची मागची पिढी अंगठा सोडून सहीवर आली, आम्ही मॅट्रिक झालो, आमची मुले पदवीधर झाली. आता ती मास्टर डिग्रीच्या दारात उभी आहेत. तिथे गुणांची चाळणी लावलेली आहे. ती चाळणी कशी चालते हे समजून घेणे हे आपल्या कामाचेच आहे.

मार्क म्हणजे प्लॅटफॉर्म तिकीट

आपल्या भाषेत सांगायचे तर प्रवेशपरीक्षेचे गुण हे प्लॅटफॉर्म तिकीट आहे. ते असल्याशिवाय आत जाता येत नाही. पण ते घेऊन बर्थ मिळत नाही. बर्थसाठी आरक्षणाचा अर्ज वेगळा, वेटिंग लिस्ट वेगळी, आणि चार्ट लागेपर्यंत धीर धरावा लागतो.

सीयूईटी-पीजी ही परीक्षा २०२२ पासून नॅशनल टेस्टिंग एजन्सी घेते. ७५ प्रश्न, ३०० गुण, बरोबर उत्तराला ४ आणि चुकीच्या उत्तराला उणे १. जयपूर-अजमेर रस्त्यावर बांदरसिंदरी येथे २००९ साली स्थापन झालेले राजस्थानचे केंद्रीय विद्यापीठ आहे, त्याचे प्रवेश या गुणांवर होतात. दिल्ली विद्यापीठ आणि जेएनयू यांचेही एम.ए., एम.एस्सी.चे प्रवेश याच गुणांवर होतात. परीक्षा एक, पण गुणवत्ता यादी प्रत्येक विद्यापीठाची स्वतंत्र.

अभियांत्रिकीच्या मुलांसाठी गेट परीक्षा आहे. जयपूरचे मालवीय इंजिनिअरिंग कॉलेज १९६३ साली सुरू झाले आणि २००२ मध्ये ते एनआयटी झाले. तिथे एम.टेक.ला जायचे तर गेटचा स्कोअर हवा. सगळ्या एनआयटींची प्रवेशफेरी एकत्र होते. गेटचा स्कोअर तीन वर्षे चालतो, म्हणजे पहिल्या वर्षी जमले नाही तरी तो कागद फाडून टाकू नये. आणि महत्त्वाची गोष्ट, गेटवर सरकारी संस्थेत एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. कित्येक बाप "दोन वर्षे आणखी खर्च कुठून आणू" म्हणून पोराला थांबवतात, त्यांना हे माहीत नसते.

विज्ञानाच्या मुलांना आयआयटीत एम.एस्सी. करायची असेल तर जॅम ही परीक्षा आहे. मॅनेजमेंटसाठी कॅट. डॉक्टर मुलांना एम.डी., एम.एस. करायचे तर नीट-पीजी. प्रत्येकाचे नियम निराळे, तारखा निराळ्या, अर्जाची फी निराळी.

पर्सेंटाइलचा घोटाळा

आता सर्वांत जास्त फसवणारा शब्द. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. कॅटमध्ये ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरात नव्व्याण्णव गुण असे समजून एका बुकिंग क्लार्क बंधूंनी आमच्याकडे मिठाई आणली होती. ९९ पर्सेंटाइलचा अर्थ एवढाच, की बसलेल्या शंभर मुलांत नव्व्याण्णव मागे आहेत. कॅटला दरवर्षी अडीच ते तीन लाख मुले बसतात. त्यांतली एक टक्का म्हणजे अडीच-तीन हजार मुले त्या रेषेवर किंवा तिच्या पुढे असतात. अहमदाबादच्या आयआयएमच्या मुख्य अभ्यासक्रमाला जागा चारशेच्या आसपास. हिशेब तुम्हीच करा.

शिवाय तिथे फक्त कॅटचे गुण चालत नाहीत. दहावीचे, बारावीचे, पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव आणि मुलाखत, हे सगळे मिळून यादी लागते. कोणत्या गोष्टीला किती वजन हे प्रत्येक संस्था आपापले ठरवते. म्हणजे पंधराव्या वर्षी आजारपणात दिलेली दहावीची परीक्षा बाविसाव्या वर्षी मुलाच्या आडवी येते.

आणि तिथला खर्च? अहमदाबादच्या त्या दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर आहे. एकीकडे गेटचा स्कोअर विद्यावेतन मिळवून देतो, दुसरीकडे कॅटचा स्कोअर कर्जाच्या दारात नेऊन उभा करतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत नावाजलेल्या संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीन न देता कर्ज मिळण्याची सोय आहे. ती जरूर घ्यावी. पण कर्ज हे कर्जच. सोसायटीचे हप्ते भरणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

गुणवत्ता कोणाच्या सोयीची?

काही शिकलेले लोक आम्हांला सांगतात, "स्पर्धेत भेदभाव नसतो, मार्क बोलतात." मार्क बोलतात हे खरे. पण ते कोणाच्या सोयीने बोलतात तेही पाहू.

नीट-पीजी ही डॉक्टरांची परीक्षा घ्या. पात्रतेची रेषा आखलेली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने ती सर्व वर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र! कारण जागा रिकाम्या राहत होत्या. शून्य पर्सेंटाइलवर पात्र झालेला कोणता डॉक्टर खासगी कॉलेजची भरमसाट फी भरून ती जागा घेऊ शकतो? आमच्या पॉइंट्समनचा मुलगा नक्कीच नाही. आरक्षणाचा विषय निघाला की गुणवत्तेच्या नावाने गळा काढणारे त्या वेळी कुठे होते, हे आम्ही विचारू इच्छितो.

दुसरी गोष्ट पाळ्यांची. एकच परीक्षा वेगवेगळ्या पाळ्यांत घेतली की एका पाळीचा पेपर सोपा, दुसरीचा अवघड. मग गुण "समान पातळीवर" आणण्याचे गणित केले जाते. रेल्वे भरती बोर्डाच्या परीक्षा दिलेल्या मुलांना हे नॉर्मलायझेशन चांगले ठाऊक आहे. आपल्या पेपरात किती बरोबर आले हे मुलगा मोजू शकतो, पण यादीत नंबर कुठे लागला याचा हिशेब त्याच्या हातात राहत नाही. २०२४ ची नीट-पीजी दोन पाळ्यांत झाली आणि वाद पेटला. डॉक्टर मुले सर्वोच्च न्यायालयात गेली. ३० मे २०२५ रोजी न्यायालयाने परीक्षा एकाच पाळीत घ्या असे सांगितले, आणि ३ ऑगस्ट २०२५ ला ती एकाच पाळीत झाली. म्हणजे "हे शक्य नाही" असे जे सांगितले जात होते ते शक्य होते. एकजुटीने मागितले म्हणून झाले. हा धडा आपण लक्षात ठेवावा.

तिसरी गोष्ट भरवशाची. १८ जून २०२४ ला यूजीसी-नेट परीक्षा झाली, नऊ लाखांहून अधिक मुले बसली, आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. त्याच आठवड्यात, २३ जूनला व्हायची नीट-पीजी आदल्या रात्री पुढे ढकलली. ज्यांचे घर केंद्राजवळ आहे त्यांचे एक दिवसाचे नुकसान. आमची पोरे रात्रभर जनरल डब्यात उभी राहून परगावच्या केंद्रावर जातात. जाण्यायेण्याचा, खाण्याचा, राहण्याचा खर्च आणि बुडालेली रजा कोण भरून देणार?

मग परीक्षाच नको का?

आमचे काही कॉम्रेड म्हणतात, ही प्रवेशपरीक्षाच बंद करा. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही, आणि हे स्पष्ट बोलले पाहिजे.

परीक्षा नसेल तर काय उरते? एक तर शिफारस. शिफारशीच्या बाजारात कामगाराच्या मुलाची किंमत काय असते हे आम्ही पाहिले आहे. बंद लिफाफ्यातल्या गुप्त अहवालाने ज्यांची बढती गेली त्यांना विचारा. परीक्षेत निदान नाव, आडनाव, बापाचा हुद्दा उत्तरपत्रिका तपासताना दिसत नाही.

दुसरा मार्ग जुन्या परीक्षेच्या गुणांचा. त्याचे उदाहरण टपाल खात्यातील बंधूंच्या घरातच आहे. ग्रामीण डाकसेवकांची निवड दहावीच्या गुणांवर होते, वेगळी परीक्षा नसते. टक्केवारी दशांश चिन्हापुढे चार आकड्यांपर्यंत मोजतात. एका बोर्डात गुण सढळ हाताने, दुसऱ्यात हात आखडून. मग जो सढळ बोर्डातून आला तो पुढे. ज्या गावात पत्रे वाटायची त्या गावची भाषा कष्टाने शिकणारी उमेदवारही दोन दशांशांनी मागे राहते असे अनुभव टपाल बंधू सांगतात.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. परीक्षा असू द्या, ती कामगाराच्या मुलाची ढाल आहे. पण एका दिवसाच्या, दीड-दोन तासांच्या एका आकड्यावर माणसाची लायकी ठरवू नका. कोणत्या घरातून, कोणत्या गावातून, कोणत्या शाळेतून तो तिथवर आला त्यालाही काही वजन द्या. ही कल्पना नवी नाही. जेएनयूने मागास जिल्ह्यांतून येणाऱ्या मुलांच्या प्रवेशपरीक्षेच्या गुणांत थोडी भर घालण्याची पद्धत राबवली होती. त्यामुळे त्या विद्यापीठाचा दर्जा खाली गेला असे कोणी म्हणू शकत नाही.

आणि महाराष्ट्राला तर हे सांगण्याची गरजच नसावी. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक मुलगा मॅट्रिक झाला. त्याला ७५० पैकी २८२ गुण मिळाल्याचे चरित्रकार सांगतात. म्हणजे अडतीस टक्केही नाहीत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यास करून मिळवलेले ते गुण होते. पुढे १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेला गेला आणि १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचा एम.ए. झाला. त्या मुलाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. आजच्या यादीची चाळणी लावली असती तर दहावीच्या टक्क्यांवरच त्याचा अर्ज बाजूला पडला असता. गुणांच्या आकड्यापलीकडचा माणूस पाहणारा कोणीतरी त्या वेळी होता, एवढाच फरक.

दाखल्यावाचून गेलेली जागा

आता एक गोष्ट जिच्यामुळे आमच्या डोळ्यांदेखत जागा गेल्या. इतर मागासवर्गातले कित्येक सभासद समजतात, "सातव्या वेतन आयोगानंतर आपला पगार आठ लाखांवर गेला, आपण क्रिमी लेयरमध्ये आलो." हा गैरसमज आहे. केंद्र सरकारच्या ८ सप्टेंबर १९९३ च्या आदेशाप्रमाणे उत्पन्नाची मर्यादा पाहताना पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. आई-वडील ग्रुप सी मध्ये असतील तर केवळ पगारामुळे मूल क्रिमी लेयरमध्ये जात नाही. दाखला देणारा कारकून नाही म्हणाला तर आदेशाची प्रत दाखवा, ती आमच्या कार्यालयात मिळेल. आणि दाखला चालू वर्षाचा लागतो, मागच्या वर्षीचा बहुतेक ठिकाणी चालत नाही.

जयपूर-अजमेरकडच्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक. हे दोन्ही विभाग १ ऑक्टोबर २००२ पर्यंत पश्चिम रेल्वेत, म्हणजे चर्चगेटच्या मुख्यालयाखाली होते. त्या काळात महाराष्ट्रातून आलेली आणि उत्तर पश्चिम रेल्वे झाल्यावरही इथेच राहिलेली आपली माणसे आहेत. त्यांच्या मुलांनी लक्षात ठेवावे, की महाराष्ट्रातला जातीचा दाखला राजस्थान सरकारच्या राखीव जागांसाठी चालत नाही. १९४७ साली स्थापन झालेल्या राजस्थान विद्यापीठासारख्या राज्याच्या संस्थेत ती मुले खुल्या वर्गात मोजली जातात. पण केंद्रीय विद्यापीठ, एनआयटी, आयआयटी यांच्यासाठी मूळ राज्याचा दाखला चालतो, मात्र जात केंद्राच्या यादीत हवी. आमच्या एका पॉइंट्समन बंधूंच्या मुलाने हे माहीत नसल्यामुळे केंद्रीय संस्थेचा अर्जही खुल्या वर्गातून भरला. गुण राखीव यादीत बसणारे होते. प्रवेश गेला.

आपण काय करायचे?

"एम.ए. होऊन तरी काय, शेवटी गँगमध्येच यायचे," असे म्हणणारे बाप आहेत. त्यांचा राग आम्हांला समजतो. २०१८ मध्ये रेल्वेच्या सुमारे नव्वद हजार जागांसाठी दोन कोटींहून जास्त अर्ज आले, त्यांत दहावीच्या पात्रतेच्या जागांवर पदवीधर आणि द्विपदवीधरही रांगेत होते. जागा वाढवा, रिकाम्या जागा भरा, कंत्राटीकरण थांबवा ही आपली लढाई चालूच राहील. पण म्हणून शिक्षणाच्या वरच्या पायरीवरची जागा आपणहून सोडून द्यायची हे आम्हांला मान्य नाही.

कोचिंगवाले टपून बसले आहेत. जयपुरात गोपालपुरा बायपासने एकदा चालत गेलात तर फलकांशिवाय दुसरे काही दिसणार नाही. राजस्थान विधानसभेने २०२५ मध्ये कोचिंग केंद्रांवर नियंत्रणाचा कायदा केला, तो अमलात कसा येतो ते पाहू. पण फी भरू न शकणाऱ्या घराला कायद्याने पुस्तक मिळत नाही. ते आपणच उभे केले पाहिजे.

म्हणून फेडरेशनपुढे आमच्या सूचना अशा आहेत:

१. मुलांचा शिक्षण भत्ता बारावीला थांबतो. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. २०२५ मध्ये न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली आठवा वेतन आयोग नेमला गेला. हा भत्ता पदव्युत्तर शिक्षणापर्यंत मिळावा ही मागणी आयोगापुढे ठामपणे लावून धरावी.

२. रेल्वेच्या स्टाफ बेनिफिट फंडातून आणि टपाल खात्याच्या वेल्फेअर फंडातून प्रवेशपरीक्षेची अर्ज-फी आणि पुस्तके यांसाठी वेगळी तरतूद असावी. ट्रॅकमेंटेनर, पॉइंट्समन, एमटीएस, डाकसेवक यांच्या मुलांना, आणि त्यांतही मुलींना, प्रथम प्राधान्य द्यावे.

३. सरकारकडे मागणी: परीक्षा शक्यतो एका पाळीत, केंद्र जवळच्या शहरात, आणि परीक्षा ऐन वेळी रद्द झाली तर प्रवासखर्चाची भरपाई. सगळ्या केंद्रीय विद्यापीठांसाठी एकच अर्ज आणि एकच प्रवेशफेरी. ग्रामीण आणि कामगार घरांतील मुलांसाठी जादा गुणांची सोय.

४. प्रत्येक शाखेत मार्च ते ऑगस्ट असा प्रवेश मार्गदर्शन कक्ष. एक टेबल, एक संगणक, तारखांचा एक फळा आणि नियम जाणणारा एक तरुण सभासद. याला सरकारची परवानगी लागत नाही.

५. वसाहतीतल्या रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल लग्नसमारंभाला मिळतो, तसा संध्याकाळी अभ्यासालाही मिळाला पाहिजे. एका खोलीच्या क्वार्टरमध्ये, टीव्हीच्या आवाजात, नाइट ड्युटी करून झोपलेल्या बापाच्या उशाशी बसून मुलाने स्पर्धा करायची, ही समान स्पर्धा नव्हे.

आमच्या शाखेत चौथी सूचना आम्ही अमलात आणली आहे. फुलेऱ्याच्या त्या मुलीने पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दिली. या वेळी तिचे गुण पहिल्यापेक्षा थोडे कमीच पडले. पण चार विद्यापीठांचे अर्ज आम्ही टेबलाशी बसून भरले, तारखा भिंतीवर लिहून ठेवल्या, दाखले आधीच काढले. तिसऱ्या फेरीत तिचे नाव लागले. आता सुट्टीत घरी आली की तीच त्या टेबलाशी बसते आणि दुसऱ्यांच्या मुलांचे अर्ज तपासून देते.

बंधूंनो, पगारवाढीसाठी आपण गेटवर उभे राहतो. आपल्या मुलांसाठीही एका गेटवर उभे राहण्याची वेळ आली आहे. आपल्या शाखेत या वर्षी हे टेबल कोण मांडणार, ते पुढच्या बैठकीत नावानिशी ठरवा.